कॅन्सल

शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये,
पंक्चरवाला आणि कराक चहाची टपरी यांच्या मधोमध
आमचं टायपिंग सेंटर.
दिवसातून वीस-पंचवीस वेळा मी एकच शब्द टाइप करते,
आणि गेल्या आठवड्यापर्यंत
त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं नव्हतं.

कोट्टायमचे कुरियन सर कायमचे गावी निघाले
तेव्हा सामानाचं वजन जास्त भरलं.
त्यांनी प्रेशर कुकर नेला, शब्दकोश मला दिला;
जाडजूड, एसीच्या ओलीनं फुगलेला.
दुपारच्या नमाजाच्या वेळी गिऱ्हाईक नसतं.
मी सीचं पान उघडलं.

कॅन्सल.
त्याच्या मागे फ्रेंच, तिच्या मागे लॅटिन:
कान्केल्ली. म्हणजे जाळी. लहानशी,
आडव्याउभ्या गजांची.
तिकडचे कारकून चुकलेल्या ओळीवर
तिरक्या रेघा मारत, या अंगानं, मग त्या अंगानं,
आणि कागदावर खिडकी उमटे.
तिच्या पलीकडे
लिहिलेलं दिसत राही.

आमच्याकडे बटण दाबलं की हिरवी टिकली येते
आणि माणूस गुल.

त्याच ओळीत खाली कुलपती भेटले.
चॅन्सलर: कचेरीच्या जाळीपाशी उभा राहणारा दरवान.
माझ्या बी.कॉम.च्या कागदावर ज्यांची सही आहे
ते मुळात माझ्यासारखेच,
काचेआडून "पुढचा" म्हणणारे.
आणि जाळीच्याही मागे, शब्दकोश बिचकत सांगतो,
बहुधा, तुरुंग.
मी पान मिटलं.

चार वाजता दाऊद खलफे आला. दाभोळचा.
बावीस वर्षं खिडक्यांची ग्रिलं वेल्ड केलेली,
दोन्ही हातांवर ठिणग्यांच्या देवी.
वर्कशॉप विकलं गेलं होतं.
"टाका ताई," म्हणाला, जसं काही चहात साखर.

मला राहवलं नाही. सांगून टाकलं,
कॅन्सल म्हणजे जाळी म्हणून.
तो हसला, मग हसायचा थांबला.
"म्हंजे बावीस वर्सं मी कॅन्सलच वेल्ड करत होतो?"
मग म्हणाला, दोन गजांत चार इंच.
जास्त नाही. पोराचं डोकं जाता नये.
"पण वारा गेला पायजे. वारा नको असता
तर पत्रा नसता का ठोकला?"

हे शब्दकोशात नव्हतं.

फॉर्मवर एक ओळ असते:
माझी सगळी देणी मला मिळाली.
ती त्यानं दोनदा वाचायला लावली,
एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत.
मराठीत सांगताना मी "रद्द" म्हटलं
तर शेजारच्या टेबलावरून तय्यिबनं मान वर केली.
सुदानी आहे, पण इथे पंधरा वर्षं.
"रद्द? कोण परत आलं?"
कोण म्हणजे?
इथली माणसं रद्द म्हणतात
परतण्याला. गेलेला माणूस दारात उभा राहिला
की म्हणतात, रद्द.

म्हणजे हा शब्दही इथलाच,
गलबतातून कधीतरी आमच्या बंदरांना उतरलेला,
आणि वाटेत कुठेतरी त्यानं
अर्थाची पिशवी बदललेली.
आम्ही त्याच्यापासून रद्दी केली. किलोवर विकली.

दाऊदला मी हे सांगितलं नाही.
त्याला विमानाचं तिकीट बघायचं होतं,
आणि बायकोला फोन, की घावनांचं पीठ आत्ता नको,
शुक्रवारी भिजव. जाळी पडली पाहिजे.

प्रिंट येईपर्यंत तो काउंटरच्या काचेखालची
लोखंडी जाळी अंगठ्यानं चाचपत होता,
जिच्यातून आम्ही कागद घेतो-देतो.
एका सांध्याशी थांबला. नख घातलं.
"कच्चं हाय," म्हणाला. "कोणी केलंन हे?"
आणि सही करायच्या आधी
पेन्सिलीनं तिथे एक बारीक फुली मारून ठेवली.